जुनं बैठं घर घेताना तुम्ही काय काय तपासलंत? अनुभव सांगा

पुण्यात सहकारनगरला एक बैठं घर बघितलंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागच्या अंगाला न्हाणी आणि संडास, पुढे पारिजातक. सगळं मिळून पावणेदोन गुंठे. १९६१च्या पानशेत पुरानंतर या बाजूला वस्ती वाढली, त्या काळातलं विटांचं बांधकाम. मालक आजी-आजोबा आता मुलाकडे राहायला जाणार आहेत. तेवढ्याच पैशांत गावाबाहेर नव्या इमारतीत मोठा फ्लॅट येतो, हे आम्हाला दिसतंय. तरी शाळा, मंडई, दवाखाना सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असलेली ही गल्ली मनात भरली आहे. घर पाडायचं नाही, राहायचंय.

ज्यांनी असं घर घेतलं, विकलं किंवा बघून सोडून दिलं, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कुठे बघितलं, कोणाला विचारलं, राहायला गेल्यावर कशावर पैसे गेले?

एरंडवणे, पुणे

आमचंही तुमच्यासारखंच जुनं बैठं घर, वर स्लॅब. पहिली गोष्ट सांगते: भर पावसात बघायला जा. उन्हाळ्यात प्रत्येक जुनं घर छान दिसतं.

घराकडे बघण्याआधी रस्त्याकडे बघा. आमच्या गल्लीत डांबराचे थरावर थर चढत गेले. शेजारच्या काकूंनी सांगितलं की पूर्वी फाटकातून अंगणात यायला रस्त्यावरून एक पायरी चढावी लागे. आता उतरावी लागते. म्हणजे जोतं बांधणाऱ्याने व्यवस्थित उंच घेतलं होतं, पण रस्ताच वर आला आणि त्याचं पाणी अंगणात. बाहेरच्या खोलीच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत पोपडे होते आणि नेमका तेवढ्याच उंचीवर नवा रंग दिलेला होता. आम्ही मालकांना सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही, पलंग सरकवून ओल दाखवली. त्यावर भाव कमी झाला आणि त्यातून फाटकाशी आडवा गटार करून पाणी बाजूने काढून दिलं.

ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडायला लावा. आत बादलीभर पाणी ओतून त्याला पुढे जायला किती वेळ लागतो ते उभं राहून बघा. आमच्याकडे जुने चिनीमातीचे पाइप होते, सांध्यांतून झाडाची मुळं शिरली होती. नळाचे लोखंडी पाइप आतून गंजून इतके अरुंद झाले होते की स्वयंपाकघरातला नळ सोडला की न्हाणीतली धार तुटायची. वायरिंग लाकडी पट्टीतलं, अर्थिंग नाहीच. पाइप, ड्रेनेज आणि वायरिंग हे तिन्ही पूर्ण नवीन करावं लागणार असं धरूनच हिशोब मांडा. फरशी आणि रंग त्यानंतर. आमची शहाबादी फरशी आम्ही ठेवली, फक्त घासून घेतली. उन्हाळ्यात तिच्यासारखं सुख नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुणे

माझं कामच हे आहे, म्हणून थोडं तपशिलात लिहितो. अशी घरं बहुतेक भारवाही भिंतींची असतात. कॉलम नसतात, सगळं वजन विटांच्या भिंती पेलतात. त्यामुळे ‘मधली भिंत पाडून हॉल मोठा करू’ असं कोणी सुचवलं तर आधी ती भिंत काय पेलतेय ते बघून घ्या. आधीच्या कुणी पाडली असेल तर तिथे वर तुळई टाकली आहे का, हेही बघा.

भिंती सहसा दगा देत नाहीत, स्लॅब देतो. सळईवर काँक्रीटचं आवरण पातळ असलं आणि वर्षानुवर्षं गच्चीचं पाणी झिरपलं की सळई गंजते, फुगते आणि खालचं काँक्रीट फोडते. छताला हातोडीने हलके टोले मारत चला. भरीव आवाज वेगळा, पोकळ वेगळा, कुणालाही कळतो. न्हाणीवरचा आणि सज्जाचा भाग सर्वांत आधी बघा. शंका आली तर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक या तोडफोड न करता होणाऱ्या चाचण्या करून घ्या. घराच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

भेगांचं म्हणाल तर गिलाव्यातल्या केसासारख्या भेगांनी घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून वर रुंद होत जाणारी भेग असेल तर पाया खचलाय का ते बघायला हवं. अशा भेगेवर प्लॅस्टरचा छोटा ठिपका लावून तारीख लिहितात. ठिपका तडकला तर हालचाल अजून चालू आहे. चौकटीत खाली, जमिनीलगत स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी.

धरमपेठ, नागपूर

आमच्याकडे पहिला प्रश्न घराचा नसतोच, जागा कुणाची हा असतो. जुन्या वस्त्यांतले बरेच प्लॉट नागपूर सुधार प्रन्यास या सरकारी संस्थेने तीस वर्षांच्या लीजवर (भाडेपट्ट्याने) दिलेले आहेत. घर मालकाचं, जमीन प्रन्यासची. आम्ही बघितलेल्या घराची लीज संपून गेली होती, नूतनीकरण केलेलं नव्हतं. मधल्या काळातलं भूभाडं, हस्तांतराची परवानगी, सगळं थकलेलं. ते विकणाऱ्याने स्वतः निस्तरून द्यावं असं आम्ही विसार (व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) देण्याआधीच कागदावर लिहून घेतलं. वेळ लागला, पण खरेदीखत स्वच्छ झालं.

तुमचं घर सोसायटीत असेल तर तिथेही विचारा. जुन्या सहकारी सोसायट्यांत कित्येकदा जमीन सोसायटीच्या नावावर असते आणि सभासदाला ती दीर्घ भाडेपट्ट्याने दिलेली असते. तसं असेल तर भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि सोसायटीचा ना हरकत दाखलाही खरेदीखताइतकाच महत्त्वाचा.

विकणाऱ्या बाजूने, कोथरूड

आई-वडिलांचं घर आम्ही भावंडांनी विकलं. घेणाऱ्यांनी जे विचारायला हवं ते लिहिते.

मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) वडिलांचंच नाव होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, वारसनोंद कुणी केलीच नव्हती. ‘घर मोठ्या भावाचंच’ असं घरात सगळेच म्हणायचे, पण कायद्यात तसं नसतं. मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे, मुली सगळे वारस. लग्न झालेल्या बहिणींचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. साध्या कागदावरच्या सहीला किंमत नाही. धाकटा भाऊ अमेरिकेत. त्याचं मुखत्यारपत्र तिथून कायदेशीररीत्या साक्षांकित होऊन आलं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घेतलं.

आमच्या खरेदीदारांनी तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) घेतला, पेपरात जाहीर नोटीस दिली, आणि शेवटी प्रत्येक भावंडाला वेगळं भेटून ‘तुम्हाला मनापासून विकायचंय ना?’ असं विचारलं. मला तेव्हा त्याचं फार बरं वाटलं होतं. वकिलाच्या अहवालात हे येत नाही, आणि दावे मात्र इथूनच निघतात.

पणजी

इथल्या मळा भागात चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) कौलारू घर घेतलं. गोव्याच्या कायद्याने लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची सामायिक असते, त्यामुळे वारसांच्या सह्या घेताना त्यांच्या जोडीदारांच्याही घ्याव्या लागतात. एका घराला किती सह्या लागू शकतात याचा अंदाज आधी बांधा. फॉर्म डी, म्हणजे इथली मिळकत पत्रिका, काढून नावं ताडून बघा.

चिऱ्याच्या भिंतीला आधीच्यांनी सिमेंटचा गिलावा केला होता. त्याने ओल आतच कोंडून राहते. तो खरवडून पुन्हा चुन्याचा केला, तेव्हा भिंती हळूहळू सुकल्या. फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या बाजूला संवर्धन क्षेत्र आहे. दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानगी लागते.

शाहूपुरी, कोल्हापूर

२०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत पाणी कुठवर आलं ते गल्लीतल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, भिंतीवर हात ठेवून दाखवेल. स्विचबोर्ड अवाजवी उंचीवर दिसले की समजून घ्यायचं. पूररेषा दोन असतात: निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून येणाऱ्या. दोन्ही नकाशावर बघितल्याशिवाय नदीकाठच्या गावात व्यवहार करू नये. पुण्यात २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावर घरांत पाणी शिरलं, ते तुम्ही पाहिलंच असेल.

मुकुंदनगर, पुणे

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बँकेचा व्हॅल्युअर (किंमत ठरवणारा) येऊन घराचं उर्वरित आयुष्य लिहितो. ते कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी भरलं तर बँक मुदत कमी करते आणि हप्ता वाढतो. शिवाय मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (राहायला परवानगी दिल्याचा महापालिकेचा दाखला) मागते. मागच्या बाजूला नंतर टाकलेली पत्र्याची खोली नकाशात नसेल तर तिची किंमत मोजू नका. मुद्रांक शुल्क पुण्यात सात टक्के, खरेदी फक्त बाईच्या नावाने असेल तर सहा. नोंदणी फी जास्तीत जास्त तीस हजार.

रस्त्याची रुंदी टेपने मोजा. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) मूळ १.१०च मिळतो, वर टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) चढत नाही. तुम्हाला राहायचंच आहे, तेव्हा बिल्डरच्या हिशोबाने भाव मागितला तर हे दाखवता येतं. पण २०२० मध्ये पुण्यात सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला होता. तुमच्या गल्लीवर तशी काही रेघ असेल तर दोन्ही बाजूंचे दीड-दीड मीटर जाऊ शकतात. पावणेदोन गुंठ्यांत दीड मीटर म्हणजे तुमचा पारिजातक आणि अंगण दोन्ही. महापालिकेत विकास आराखड्यावरचा अभिप्राय मागा आणि नगर भूमापनकडून मोजणी करून घ्या. खुणा घालताना दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवा. कुंपण इकडेतिकडे सरकलेलं असेल तर ते मालक आजी-आजोबा तिथे असतानाच मिटलेलं बरं. मोजणीचा नकाशा हातात आला की मगच विसार द्या.