रेंडर संपल्यावरचं काम कुठे लावायचं
लातूरच्या दादांनी विचारलंय, ब्लेंडरमध्ये (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) रेंडर, म्हणजे दृश्यापासून चित्रं बनवणं, संपलं की फ्रेम आपोआप जोडून व्हिडिओ कसा करायचा. ते काम करणारं फंक्शन 'रेंडर कम्प्लीट' हँडलरला (ठरावीक वेळी फंक्शन आपोआप चालवणारी सोय) लावा, 'रेंडर पोस्ट'ला नको. 'पोस्ट' दर फ्रेमनंतर चालतो, म्हणजे एफएफएमपेग (फ्रेम जोडून व्हिडिओ करणारा प्रोग्राम) प्रत्येक फ्रेमला सुरू होईल. फंक्शनवर 'पर्सिस्टंट' ही खूण (डेकोरेटर) हवीच, नाहीतर दुसरी फाइल उघडली की हँडलर जातो.

खरी काळजी वेगळी आहे. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, तेव्हा थेट एमपीफोर काढूच नका. पीएनजी फ्रेम काढा, 'ओव्हरराइट' (असलेल्या फाइलवर पुन्हा लिहिणं) बंद ठेवा. लाईट आली की रेंडर परत लावा, झालेल्या फ्रेम सोडून पुढचं सुरू होतं. त्याआधी अर्धवट लिहिलेली शेवटची फ्रेम तेवढी पुसा. ब्लेंडर तिलाही झालेलीच धरतो.