विहिरीतली वाळू: जाळी आधीच लावायची का वाळू आल्यावर बघायचं?

कृष्णाकाठचा: सुट्टीला सांगलीत आलोय, काल आयर्विन पुलाजवळ चहावर वाद झाला तोच इथं टाकतो. मी तेलविहिरींवर कामाला. माझं म्हणणं, प्रत्येक विहिरीत पहिल्या दिवसापासून स्क्रीन (वाळू अडवायची जाळी) नि ग्रॅव्हल पॅक (जाळीभोवती भरलेली बारीक खडी) घालणं म्हणजे उधळपट्टी. सोनिक लॉग (विहिरीत ध्वनिलहरी सोडून घेतलेली नोंद) आणि कोअरवरून (दगडाच्या नमुन्यावरून) दगडाची ताकद कळते, किती ड्रॉडाऊनला (थरातला नि विहिरीतला दाबाचा फरक) वाळू सुटंल याचा अंदाज बांधता येतो, मग चोक (प्रवाह कमी-जास्त करायची झडप) आवळून चालवा की. वर पॅक नीट बसला नाय तर तोच तेल अडवतो.

मिरजेचा मेकॅनिक: अंदाज कागदावर बरा भावा. विहिरीत पाणी शिरलं की दाण्यांची पकड सुटते, आणि तेल काढंल तसा आतला दाब उतरून वरच्या थरांचं सगळं ओझं दाण्यांवर येतं, म्हणजे सुरुवातीचा आकडा गेला बोंबलत. जमिनीवर रिग आणून दुरुस्त करशील, समुद्राच्या तळाशी काय करणार? केजी-डी६ ला (कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं समुद्रातलं गॅसक्षेत्र) पाणी नि वाळू शिरून विहिरी बंद ठेवायला लागल्या.

तासगावकर: म्हंजे आपल्या कृष्णेची वाळू तिकडं त्रास देतीय होय 😂 आमच्या बोअरला तर कधी वाळू आली नाय, जाळी न्हाय काय न्हाय.

मिरजेचा मेकॅनिक: काका, आपल्याकडं काळा पाषाण, म्हणून मुरूम संपेपर्यंतच केसिंग घालतात. तिकडची वाळू लाखो वर्षं जुनी, पण नीट दगड झालेलीच नाय.

कृष्णाकाठचा: तेच म्हणतोय, दगड बघून ठरवा! मुंबई हायच्या चुनखडकात वाळूची जाळी कशाला? आणि कॅनडात लॉइडमिन्स्टरकडं जाड तेलाबरोबर वाळू मुद्दाम येऊ देतात, स्क्रू पंपानं उपसतात, त्यानं तेल उलट जास्त येतं.

मिरजेचा मेकॅनिक: जाड तेलाचं गॅसला लावू नको. गॅसमधली वाळू म्हणजे सँडब्लास्टिंग, एल्बोला (पाइपाच्या वळणाला) भोक पडल्यावर कळतं. पॅक अडवतो म्हणतोस, तर खडी मोजून घाला, वाळूच्या मधल्या दाण्याच्या ५ ते ६ पट, सॉसियर नावाच्या माणसाचा नियम आहे तो १९७४ पासनं.

हळदीवाला: मार्केट यार्डात आम्ही चाळणी बदलतो हळद बघून, तुमचं पण तसंच दिसतंय. पण ती तेलकट वाळू टाकता कुठं ओ?

कृष्णाकाठचा: तेच महागडं काम, धुऊन साफ केल्याबिगर टाकता येत नाय. मेकॅनिकभाऊ, समुद्रातल्या गॅसचं मान्य. जमिनीवरचं अजिबात नाय.

मिरजेचा मेकॅनिक: बरं. पण ड्यूटीवर गेल्यावर बंद विहीर उघडताना चोक एकदम फिरवू नको, तेव्हाच सगळ्यात जास्त वाळू येते.