रुग्णागणिक नर्सिंगचा खर्च कसा काढायचा? सल्ला हवा

ताळेबंद:
३० खाटांचा जनरल वॉर्ड. नर्सिंगचा खर्च खोलीभाड्यातच मुरलेला आहे. एकूण पगार भागिले बेड-डे (एक भरलेली खाट, एक दिवस), की झालं. त्यामुळे स्वतः चालता-फिरता रुग्ण आणि दर दोन तासांनी कूस बदलावी लागणारा रुग्ण, दोघांवर सारखाच खर्च पडतो. एक्सेलवर भागेल अशी पद्धत सुचवा.

पाळीप्रमुख:
आधी तासाचा दर काढा, बहुतेकांचं तिथेच बिनसतं. ४० तासांच्या आठवड्याने वर्षाचे पगारी तास २०८०. रजा, आजारपण, प्रशिक्षणाचे समजा २८० गेले, तर हाती १८००. पगार-भत्ते सगळं मिळून १८००ने भागा. २०८०ने भागलंत तर दर साडेतेरा टक्क्यांनी कमी दिसतो. ओव्हरटाइम आणि बदली नर्स वेगळ्या ओळीत.
मग रुग्णांच्या तीन श्रेणी करा, निकष हे: जेवण, स्वच्छता, हालचाल, शिरेतून औषधं, किती तासांनी तपासणी. ‘पेशंट जड आहे’ हा निकष नव्हे.

घड्याळजी:
श्रेणीमागची मिनिटं वर्क सॅम्पलिंगने काढा. स्टॉपवॉच घेऊन मागे फिरलं की माणूस वेगळंच वागतो, शिवाय एकाच वेळी दोन कामं चाललेली असतात ती कुठे लिहिणार? त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून वेळा ठरवा आणि त्या क्षणी कोण काय करतंय, कोणासाठी, एवढंच टिपा: रुग्णाजवळचं काम, रुग्णासाठी पण लांबून (औषधं काढणं, नोंदी, हँडओव्हर), वॉर्डचं काम, वैयक्तिक वेळ.
थेट काम ४० टक्के धरलं, तर ३ टक्के इकडेतिकडे चालवून ९५ टक्के खात्रीसाठी सुमारे १०२५ नोंदी लागतात. ५ टक्के चालत असतील तर ३६९. एकाच फेरीत चार नर्स टिपल्या म्हणजे चार स्वतंत्र नोंदी होत नाहीत, म्हणून फेऱ्या वाढवा. रात्रपाळी आणि रविवार हमखास सुटतात.

ताळेबंद:
आयसीयूलाही हेच?

तिसरीपाळी:
तिथे तयार मापं आहेत. टिस-२८ ही उपचारांना गुण देणारी यादी, तिच्यात एक गुण म्हणजे १०.६ मिनिटं, आठ तासांच्या पाळीत एका नर्सचे ४६ गुण. तिच्यात भर उपचारांवर आहे. अंघोळ, नातेवाइकांशी बोलणं, कागदपत्रं निसटतात. म्हणून नर्सच्या सगळ्या कामांना गुण देणारा २००३चा नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर बरा: १०० गुण म्हणजे एका नर्सचे पूर्ण २४ तास, एक गुण १४.४ मिनिटं.

पाळीप्रमुख:
शेवटी रोस्टरशी ताळा घ्या. निव्वळ उदाहरण: १२ रुग्ण × २ तास, १० × ४, ४ × ८, एकूण ९६. प्रत्यक्ष भरलेले तास १२०. वरचे २४ वॉर्डच्या कामाचे, गुणक १.२५. म्हणजे पहिल्या श्रेणीला अडीच तास, तिसरीला दहा. सरसकट भागलं असतं तर सगळ्यांना ४.६! उलट बेरीज रोस्टरपेक्षा जास्त आली, तर मिनिटं फुगलीत किंवा काळजी अर्धवट राहते आहे.

तिसरीपाळी:
मध्यरात्री किती खाटा भरलेल्या, या मोजणीवर विसंबू नका. सकाळी डिस्चार्ज, संध्याकाळी नवी भरती, तरी खाट एकच दिसते. भरती, डिस्चार्ज, बदली यांची मिनिटं स्वतंत्र धरा.
आणि मनुष्यबळ श्रेणीवर ठरू लागलं की श्रेणी आपोआप वर सरकते. दर महिन्याला २० रुग्ण निवडून, तेच दोन नर्सनी एकमेकींचं न बघता श्रेणीत लावावेत. दोनहून जास्त ठिकाणी फरक पडला तर निकषांची भाषा सैल आहे, ती घट्ट करा.