मदत हवी आहे: भरती न होता, ओपीडीतून दारू सुटते का? आणि तोवर घरच्यांनी कुणाकडे जायचं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. वय चाळिशीच्या आतबाहेर, साताऱ्याजवळ एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. घरी आई, बायको आणि सातवीतला मुलगा. पिणं जुनंच, पण लॉकडाऊननंतर रोजचं झालं आणि हल्ली सुटीच्या दिवशी सकाळीच सुरू होतं. उठल्यावर चहाचा कप धरताना हात थरथरतात, थोडी पोटात गेली की थांबतात.

भरती व्हायला तो ठाम नकार देतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी केली होती, तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. एवढी रजा कंपनी देणार नाही, आणि दिलीच तर कारण सगळ्यांना कळेल, असं त्याचं म्हणणं. साताऱ्यातच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पण तिथे 'गावातलं कुणीतरी बघेल' ही धास्ती. मात्र परवा तो आपणहून म्हणाला, "ताई, भरती होणार नाही. कुणाशी बोलायचं असेल तर येतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो एवढं बोललाय. हे मला वाया जाऊ द्यायचं नाही.

खरं तर त्याच्याइतकीच काळजी मला भावजयीची आहे. तो कामावर गेला नाही की सुपरवायझरला फोन तीच करते, "यांचं पोट बिघडलंय." गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाखाली, स्कूटरच्या डिकीत क्वार्टर शोधत फिरते. एटीएम कार्ड लपवून ठेवते. आणि आई तिलाच बोलते, "तू जरा गोड बोलली असतीस तर तो बाहेर गेला नसता." मुलगा मित्रांना घरी आणत नाही. खाली गाडी स्टँडवर लावल्याचा आवाज आला की त्यावरून त्याला कळतं, बाबा आज कसे आलेत. तसा आवाज आला की दप्तर उचलून आजीच्या खोलीत जातो. बारा वर्षांच्या पोराने हे शिकावं, याचा मला फार त्रास होतो.

तर विचारायचंय ते असं. हात थरथरण्यापर्यंत गेलेल्या माणसाचा उपचार बाहेरून, नोकरी सांभाळून होतो का? तो पुन्हा फिरला, नाही आला, तरी भावजयीला एकटीला कुणाकडे जाता येईल का, की 'आधी पेशंटला आणा' असंच सांगतात? (एका ठिकाणी फोनवर मला नेमकं हेच ऐकवलं.) आणि आईने कुठलीशी जाहिरात बघून 'नकळत जेवणात मिसळायची पावडर' मागवायचं ठरवलंय, तिला कसं थांबवू?

प्रतिसाद: निशिगंध

ताई, मी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काम करते. पावडरीचं आधी, कारण ते तातडीचं आहे. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते वेष्टनावरून कळत नाही, आणि काहींमध्ये डायसल्फिराम असू शकतं. हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरू शकतो. जिवावरही बेततं. डॉक्टर ते देतात, पण पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून. चोरून कधीच नाही. आईंना सांगा, मुलाचा जीव धोक्यात येईल. एवढं पुरेल.

आता थरथरीचं. याचा अर्थ शरीराला दारूची सवय लागली आहे. त्याने घरच्या घरी 'उद्यापासून बंद' असं करू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. तेव्हा थेट दवाखान्यातच न्यावं लागतं. म्हणून पहिली भेट समुपदेशकाची नाही, मानसोपचारतज्ज्ञाची. पूर्वी कधी फिट आली का, लिव्हरचा त्रास आहे का, रोज किती पितो, हे ते विचारतील. खरं सांगायला सांगा, त्यावर औषधाचं प्रमाण ठरतं. त्रास सौम्य असेल तर काही दिवसांच्या गोळ्या, बी-वन जीवनसत्त्व आणि घरी लक्ष ठेवणारं माणूस, एवढ्यावर ओपीडीतून भागतं. नसेल तर काही दिवस वॉर्डात राहावं लागेल. ते म्हणजे ३५ दिवस नव्हे. 'आठवडाभर आजारी' एवढी रजा कंपनीत सहसा मिळते, हे त्याला नीट समजावा. पुढे ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्या आणि समुपदेशन नोकरी करता करता चालतं.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

तुमच्या भावजयीच्या जागी मी बरीच वर्षं होते, म्हणून लिहिते. तिला एकटीला जाता येतं. अल-अ‍ॅनॉनच्या बैठका खास घरच्यांसाठीच असतात. पिणारा माणूस एएमध्ये (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) जातो की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. मुक्तांगणमध्येही पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. मी पहिल्या बैठकीला नुसती बसून रडले, कुणी काही विचारलं नाही.

कंपनीला फोन करण्याबद्दल मला तिथे सुचलेलं सांगते. भांडणात नाही, तो शुद्धीत असताना, शांतपणे एकदाच सांगायचं: "यापुढे तुमच्या कंपनीला तुम्हीच फोन करा." आणि मग खरंच करायचा नाही. पहिल्यांदा हात थरथर कापतो आपला. बाटल्या शोधणंही हळूहळू सोडलं. शोधून एकही क्वार्टर कमी झाली नव्हती, माझी झोप मात्र गेली होती. न प्यायलेल्या संध्याकाळी मुद्दाम एकत्र जेवायचं, बरं बोलायचं, आणि प्यायलेला असेल तेव्हा वाद न घालता बाजूला व्हायचं, हेही समुपदेशकांनीच शिकवलं.

सासूबाईंनाही एकदा सोबत न्या. बाहेरच्या माणसाने सांगितलेलं त्यांना पटतं. आणि हात उचलत असेल तर हे सगळं नंतर. आधी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ क्रमांक, आणि पोराला घेऊन सुरक्षित जागी जाणं.

प्रतिसाद: मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. ओपीडीतल्या बोलण्याने फरक पडतो का, याचं एक चांगलं उदाहरण आमच्याकडचं आहे. 'संगात' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन करून घेतलं, जास्तीत जास्त चार बैठका. निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, नेहमीचेच उपचार घेतलेल्यांत २६ टक्के. पण ताई, तो अभ्यास पूर्ण व्यसन जडण्याआधीच्या पायरीवरच्या लोकांचा होता. तुमच्या भावाला निशिगंध म्हणतात तसं औषध आणि बोलणं दोन्ही लागेल.

याच संस्थेने घरच्यांसाठी पाच टप्प्यांची पद्धतही वापरून पाहिली आहे: आधी त्यांचं ऐकून घ्यायचं, व्यसनाची माहिती द्यायची, आत्ता ते कसं निभावतात ते तपासायचं, आधाराची माणसं कोण ते शोधायचं, आणि आणखी काय लागेल ते ठरवायचं. त्यात पिणारा माणूस खोलीत असावाच लागत नाही. समुपदेशकाकडे गेलात की भावजयीसाठी असं काही करता का, हे स्पष्ट विचारा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. पावडर रद्द. आईला निशिगंधचा प्रतिसाद वाचूनच दाखवला. 'आठवडाभर आजारी' यावर भाऊ थोडा नरमलाय. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांची शनिवारची वेळ घेतली आहे, मी आणि भावजय दोघी सोबत जाणार. तोपर्यंत अचानक बंद करायचं नाही, हे त्यालाही सांगितलंय.

भावजय काल रात्री १४४१६ या टेली-मानसवर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, बोलली. मराठीत बोलले, घाई केली नाही. व्यसनासाठीचा १४४४६ हा केंद्राचा टोल-फ्री क्रमांकही कुणाला लागला तर इथे असू दे.

मुलाचं अजून कळत नाही. त्याला यातलं किती आणि कोणत्या शब्दांत सांगायचं?

प्रतिसाद: कृष्णाकाठ

त्याला सगळं आधीच माहीत आहे, फक्त घरात कुणी बोलत नाही. मी माझ्या लेकीला एवढंच सांगितलं होतं: "बाबांना दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तो बरा करणं तुझं काम नाही. डॉक्टर आणि आम्ही मोठी माणसं बघतोय. तुला राग आला, भीती वाटली तर मला सांगायचं." शनिवारी जाण्याआधी त्याला सांगा, म्हणजे तुम्ही तिघं कुठे गेलात याचा विचार तो एकटा करत बसणार नाही. आणि मित्राकडे राहायला जायचं असेल तर जाऊ द्या त्याला.