विषय: अख्खी कोंबडी भाजताना हर्ब्ज करपतात

नमस्कार मंडळी,

रविवारी पहिल्यांदाच अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजली. दीड किलोची होती. स्वच्छ धुतली, वरून ताजी रोझमेरी, थाइम, पार्सली, लसूण सढळ हाताने पसरलं. १९० अंशांवर मोजून दीड तास. बाहेर काढली तर वर काळा पाचोळा, कातडी रबरासारखी आणि छातीचं मांस नुसता भुसा! तेल दोनच चमचे घातलं होतं, घरात सध्या कोलेस्टेरॉलचा हिशोब चालू आहे. तेल कमी पडलं म्हणून असं झालं का?

— एक नवशिकी

---

> तेल कमी पडलं म्हणून असं झालं का?

अगं नाही. दोन चमचे पुष्कळ झाले, कातडीखाली कोंबडीची स्वतःची चरबी असतेच. घोळ पाण्याने केला. कातडी ओली असली की आधी ते पाणी उडण्यातच वेळ जातो, तोवर ती वाफवत बसते, तांबूस होत नाही. आणि कच्ची कोंबडी नळाखाली धरायचीच नाही. शिंतोड्यांबरोबर जंतू सिंकभर पसरतात. ते मरतात आचेने, धुण्याने नाही.

आदल्या रात्री कागदी टॉवेलने टिपून घे, पोटातूनसुद्धा. दीड किलोला सपाट मोठा चमचाभर मीठ चोळ (कुणाला रक्तदाब असेल तर त्याहून कमी) आणि फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ताटलीत उघडीच ठेव. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी मांसात मुरतं. सकाळी कातडी हाताला कागदासारखी लागली की समज जमलं.

आता हर्ब्ज. रोझमेरी, थाइम, सेज ही काटक पानं, पण तीही वर टाकली की करपणारच. ती कातडीखाली जायला हवीत. छातीच्या टोकाकडून दोन बोटं हळूच आत सारायची, पातळ पडदा सुटत जातो आणि खिसा तयार होतो. (नखं कापलेली हवीत! मी एकदा कातडीला मोठं भगदाड पाडलं होतं.) त्या खिशात बारीक चिरलेली पानं, ठेचलेला लसूण आणि तुझं दोन चमचे तेल. पार्सलीला मात्र ओव्हन दाखवूच नकोस. कापून झाल्यावर वरून भुरभुरव आणि लिंबू पिळ.

— काकू

---

ताई, तुमचं सगळं पटलं, पण भुसा झाला तो घड्याळामुळे. ओव्हनचा पंखा चालू होता का? तसा असेल तर तापमान २० अंशांनी कमी धरावं लागतं. त्यापेक्षा सुईचा थर्मामीटर घ्या. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा. ७४ अंश दिसले की झालं. मांडी आणखी थोडी शिजली तरी बिघडत नाही, छातीला ते सोसत नाही. मी तर हल्ली कात्रीने कणाच काढून टाकतो आणि कोंबडी पुस्तकासारखी उघडून २२० वर भाजतो. पाऊण तासात होते, मांडी आणि छाती जवळजवळ बरोबरच. दिसायला मात्र रस्त्यावर चेपलेल्या बेडकासारखी दिसते, तेवढं चालवून घ्या.

— काका

---

काका, काकू, काल केली. कणा कापायचं धाडस झालं नाही, अख्खीच ठेवली. पंखा चालूच होता! खाली गाजर, कांदा, बटाट्याच्या फोडी पसरल्या होत्या. बाहेर काढून १५ मिनिटं हातही लावला नाही, त्यामुळे कापताना रस ताटात वाहून गेला नाही. ट्रेमधल्या रसावरची चरबी चमच्याने काढून टाकली आणि उरलेलं वर ओतलं. कातडी कुरकुरीत! ती कोलेस्टेरॉलवाल्यांच्या ताटातून माझ्या ताटात आली. गाजरं कोंबडीच्या आधी संपली.

एक शंका: ७४ च्या वर आकडा होता, तरी मांडीच्या हाडाजवळ गुलाबी दिसलं. कच्ची राहिली का?

— नवशिकी

---

नाही. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मगजाचा रंग उतरतो मांसात. आकड्यावर विश्वास ठेव. आणि सांगाडा टाकला नाहीस ना? त्याचं सूप होतं.

— काकू