महमूद अब्दुल-रऊफ: लीगने संपवला की आपसूक संपला?

ओसरीवरचा
अमेरिकेच्या राष्ट्रगीताला गुडघा टेकणारा अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपरनिक आपल्याकडेही माहीत आहे. त्याच्या वीस वर्षं आधी, १९९६ मध्ये, डेन्व्हर नगेट्स या बास्केटबॉल संघाच्या महमूद अब्दुल-रऊफने राष्ट्रगीताला उभं राहायचं नाकारलं. त्याचं नाव काढलं तर पहाटे उठून एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) बघणारेसुद्धा "कोण हा?" म्हणतात. माझ्या मते लीगने या माणसाची कारकीर्द संपवली, तीही गाजावाजा न करता.

आधी तो काय चीज होता ते सांगतो. मिसिसिपीतल्या गल्फपोर्टचा, जन्माने ख्रिस जॅक्सन. आईने एकटीने वाढवलेला. टुरेट सिंड्रोममुळे अंगाला न आवरणारे झटके. लुइझियाना स्टेट विद्यापीठात पहिल्याच वर्षी सामन्यामागे ३०.२ गुण. १९९० मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) डेन्व्हरने तिसऱ्या क्रमांकावर निवडला. १९९१ मध्ये इस्लाम स्वीकारला, १९९३ मध्ये नाव बदललं. १९९३-९४ च्या हंगामात २२९ पैकी २१९ फ्री थ्रो आत! डिसेंबर १९९५ मध्ये युटाविरुद्ध ५१ गुण. त्या हंगामात ७२ सामने जिंकणाऱ्या जॉर्डनच्या बुल्सना फेब्रुवारीत डेन्व्हरने हरवलं, तेव्हा याचे ३२.

आणि मार्चमध्ये निलंबन. एका सामन्याचं, ३१,७०७ डॉलर कापून. लगेच तडजोड झाली: तो उभा राहील, पण मान खाली घालून प्रार्थना करेल. म्हणजे त्याने ऐकलं. तरी जूनमध्ये संघातला सर्वाधिक गुण करणारा हा खेळाडू सॅक्रामेंटोला देऊन टाकला. बदल्यात दुखापतींनी बेजार झालेला मार्चुलियोनिस आणि ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतली एक निवड. १९९८ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, तो लीगबाहेर होता. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

आकडेमोड्या
योगायोग नाही म्हणत, पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. सॅक्रामेंटोने त्याला पहिल्या हंगामात ७५ सामने खेळवलं. सरासरी १९ वरून १३.७ वर आली. पुढच्या वर्षी ३१ सामने, ७.३. ज्याला संपवायचंय त्याला कुणी ७५ सामने देतं का?

दुसरं, त्या उन्हाळ्यात डेन्व्हरचा सगळाच संघ मोडत होता. संघाचा उंच सेंटर मुटुम्बो अटलांटाला गेला. रऊफच्याच जागेवर खेळणारा मार्क जॅक्सन इंडियानाकडून आणला. मुटुम्बो कुठल्या राष्ट्रगीताला बसला होता?

सहा फूट एक इंच उंची, बचाव कच्चा, आणि त्या काळात बचाव करणारा सरळ अंगावर हात ठेवून अडवायचा. असे खेळाडू तिशीत उतरतात. तो तुर्कस्तानात फेनरबाह्चेकडे गेला, २०००-०१ मध्ये व्हँकुव्हरने परत घेतला, ४१ सामने दिले. बंदी अशी असते?

सडेतोड_सांगली
मला बास्केटबॉलमधलं फार कळत नाही. पण लीगचा नियम होता की राष्ट्रगीताला उभं राहायचं. कोट्यवधीचा करार सही करताना नियम चालला, मग नंतर काय झालं? आपल्याकडे १९८६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या ज्या मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं, ती मुलं राष्ट्रगीत म्हणत नव्हती, पण आदराने उभी राहायची. फरक इथेच आहे.

मीमांसक
@सडेतोड, केरळचा दाखला छान आहे, पण तिथे प्रश्न सरकारी अधिकाऱ्यांच्या आदेशाचा होता. इथे मालक खासगी. अमेरिकेत १९४३ पासून शाळेतल्या मुलांवर झेंडावंदनाची सक्ती करता येत नाही, पण ते बंधन सरकारवर. एनबीएवर नाही. कायद्याने लीग बरोबर असू शकते, हे मी ओसरीवरच्यांनाही सांगेन.

तरीही एक गोष्ट खटकते. रऊफ त्या हंगामात कित्येक महिने राष्ट्रगीताला उभा राहत नव्हता. कधी ड्रेसिंग रूममध्ये, कधी बाकावर. कुणाचं काही बिघडलं नाही. पत्रकारांनी विचारलं, झेंडा दडपशाहीचं प्रतीक आहे असं तो बोलला, आणि मग नियम आठवला. देशप्रेमाला धक्का बसायला बातमी यावी लागली तर! पुढे डेन्व्हरच्या एका रेडिओ केंद्राची माणसं मशिदीत शिरून राष्ट्रगीत वाजवून आली. त्यांचा मान राखणं हे असं.

अनघा_नाशिक
विषय थोडा बाजूला नेते. त्याच्यावरच्या प्रत्येक लेखात "टुरेटमुळेच तो असा अचूक झाला" असं लिहितात. चेंडू मनासारखा जाळीतून जाईपर्यंत तो कोर्ट सोडू शकायचा नाही, थकून कोसळायची वेळ आली तरी. यात वरदान कुठे दिसतं लोकांना? माझ्या भाच्याला हाच त्रास आहे, म्हणून राग येतो. बाकी वादात मी ओसरीवरच्यांच्या बाजूने.

ओसरीवरचा
@आकडेमोड्या, मुटुम्बोचा करार संपला होता, तो मोठा पैसा घेऊन स्वतः गेला. रऊफला देऊन टाकला. दोन्ही एका पारड्यात कसे घालता? आणि सरासरी घसरली कारण सॅक्रामेंटोत भरपूर गुण करणारा मिच रिचमंड होता, मिनिटं कमी मिळाली. व्हँकुव्हरचे ४१ सामने म्हणता, तिथे दर सामन्याला बारा-एक मिनिटं. २०१६ मध्ये सगळे स्टेफ करीच्या नेमबाजीने वेडे झाले होते तेव्हा फिल जॅक्सनने रऊफची आठवण काढली होती. ते १९९६ च्या बुल्सचे प्रशिक्षक, उगाच बोलणारा माणूस नाही.

आकडेमोड्या
फिल जॅक्सनने कौतुक केलं ते त्याच्या नेमबाजीचं, बचावाचं नाही. मिनिटं कमी मिळाली हे मान्य, पण प्रशिक्षक मिनिटं का कापतो याचं पहिलं उत्तर कोर्टवर शोधायचं असतं. केपरनिकला २०१६ नंतर एकाही संघाने घेतलं नाही. त्याने तक्रार केली, २०१९ मध्ये त्याच्या फुटबॉल लीगला (एनएफएलला) समझोता करावा लागला. रऊफला दोन संघांनी खेळवलं. दुजाभाव झाला असेल, मी नाही म्हणत नाही. "संपवला" म्हणायला मात्र पुरावा लागतो, तो तुमच्याकडे नाही.

ओसरीवरचा
असल्या गोष्टींचा कागद कुणी करतं का हो? अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बिग-३ या तीन-तीन खेळाडूंच्या लीगमध्ये उतरून हा माणूस पोरांसमोर शॉट टाकत होता. २९ व्या वर्षी संपलेला खेळाडू असा असतो?

आकडेमोड्या
तीन-तीनच्या अर्ध्या कोर्टावर? अहो, तिथे अर्धे निवृत्तच होते.

नवखा_पुणेकर
तुमचं चालू द्या. युटाविरुद्धचा तो ५१ गुणांचा सामना कुणाकडे अख्खा आहे का? मला नुसते तुकडेच सापडतायत.