चर्चा: एकाच नावाचे दोन सिगार असतील, तर दुसऱ्याला बनावट म्हणावे का?

पिंपळपान (चर्चाप्रस्ताव)

क्युबाच्या 'कोहिबा' सिगारच्या बनावट पेट्या जगभर विकल्या जातात आणि त्यांना बनावट म्हणण्याबाबत कोणाचेही दुमत नसते. मात्र 'जनरल सिगार' ही अमेरिकी कंपनी डॉमिनिकन प्रजासत्ताकात वळलेले सिगार अमेरिकेत याच नावाने उघडपणे विकते, तेव्हा त्याला केवळ 'नावाचा वाद' असे सौम्य नाव दिले जाते. माझ्या मते हा अपहार बनावटगिरीइतकाच गंभीर आहे. त्याला नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले, एवढाच फरक.

१९६६ मध्ये क्युबात फिडेल कास्ट्रो आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी कोहिबा वळला जाऊ लागला आणि हवानातील एल लागितो हा कारखाना त्याचे घर ठरला. १९६९ मध्ये 'क्युबाताबाको' या सरकारी संस्थेने क्युबात नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. जनरल सिगारने अमेरिकेत अर्ज केला तो १९७८ मध्ये, आणि हा कास्ट्रो यांचा सिगार आहे हे तेव्हा कंपनीला ठाऊक होते. अमेरिकेने क्युबावर १९६२ पासून घातलेल्या व्यापारबंदीमुळे मूळ उत्पादक त्या बाजारात पाऊलही ठेवू शकत नव्हता. ज्याला दाराबाहेर रोखून धरले आहे त्याच्याच नावाची पाटी आपल्या दारावर लावणे हा प्रामाणिक व्यापार कसा ठरतो, हे येथील कायद्याच्या जाणकारांनी समजावून सांगावे.

वाटसरू

आपला संताप समजू शकतो, पण मांडणी पटत नाही. व्यापारचिन्हाचा हक्क देशाच्या सीमेपुरता असतो, हे या कायद्याचे मूळ तत्त्व आहे. १९७८ मध्ये क्युबाचा कोहिबा बाहेरच्या बाजारात नव्हताच. त्याची परदेशातील विक्री १९८२ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत तो बहुतांशी राजनैतिक भेटवस्तू म्हणून देशाबाहेर जात असे. क्युबाताबाकोने अमेरिकेत तेव्हा अर्ज केलेला नव्हता, आणि १९८१ मध्ये जनरल सिगारला नोंदणी मिळाल्यानंतरही खटला दाखल केला तो थेट १९९७ मध्ये. व्यापारबंदीचे कारण येथे पूर्णपणे चालत नाही, कारण त्या नियमांत चिन्हांच्या नोंदणीला मुभा आहे. बंदी आहे ती विक्रीवर.

दुसरे असे की, बनावट वस्तूचा आत्मा फसवणूक हा असतो. अमेरिकेतील कोहिबाच्या 'ओ' अक्षरात लाल ठिपका आहे आणि तो डॉमिनिकन असल्याचे कंपनी लपवत नाही. हवानाचा माल म्हणून तो कोणी विकत नाही. मग फसवले कोणाला?

पिंपळपान

नावाचे आकर्षण जेथून आले तेथील लोकांना त्याचा मोबदला मिळत नाही, आणि ग्राहक त्या आकर्षणापोटीच जादा पैसे मोजतो. ठिपका लहान आहे, नाव मोठे आहे.

सीमेच्या तत्त्वाविषयी बोलायचे तर २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने क्युबाताबाकोच्या बाजूने निकाल दिला होता. २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, पण कारण पाहा. कीर्तीच्या आधारे क्युबाच्या संस्थेला हे चिन्ह मिळू देणे म्हणजे व्यापारबंदीने मनाई केलेले मालमत्तेचे हस्तांतरण होईल, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे आडवी आली ती व्यापारबंदीच. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्याच व्यापारचिन्ह मंडळाने १९२९ च्या आंतर-अमेरिकी कराराच्या आधारे जनरल सिगारची नोंदणी रद्द ठरवली. क्युबातील वापराची माहिती असताना अर्ज केला, हा मुद्दा त्यात निर्णायक होता. कंपनीने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, हेही खरे.

जुनी_वही

मला या चर्चेत एका मोठ्या मौनाचे आश्चर्य वाटते. नावांच्या मालकीबद्दल क्युबाच्या सरकारची बाजू घेताना १९६० चे राष्ट्रीयीकरण कसे विसरता येईल? १८४५ पासूनचा 'पार्तागास' सिगार सिफुएंतेस कुटुंबाच्या हातात होता; १८४४ पासूनचा 'एच. उपमान' आणि १९३५ चा 'मोंतेक्रिस्तो' मेनेंदेस आणि गार्सिया यांच्याकडे होता. कारखाने गेले, मालक देशोधडीला लागले आणि सरकारने तीच नावे छापून सिगार जगाला विकले. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सांगितले की, हे राष्ट्रीयीकरण क्युबाबाहेरील मालमत्तेला लागू होत नाही, त्यामुळे अमेरिकेतील चिन्हे जुन्या मालकांचीच राहतात. आपल्या कसोटीने पाहिले तर हवानात आज वळला जाणारा पार्तागासच बनावट म्हणावा लागेल.

पिंपळपान

त्या कुटुंबांवर अन्याय झाला, हे मी मनापासून मानतो. पण त्याचा कोहिबाशी काहीही संबंध नाही. कोहिबा राष्ट्रीयीकरणानंतर सहा वर्षांनी जन्मला; तो कोणाकडून हिसकावून घेतलेला नव्हता आणि त्याचा निर्वासित मालक कोठेही नाही. पार्तागासचा न्याय कोहिबाला लावणे म्हणजे एका कुटुंबाच्या दुःखाच्या आड दुसऱ्याच कंपनीने उभे राहणे होय.

अत्तरदाणी

दोन्ही बाजू वाचल्या आणि दोन्हींवर माझा एकच आक्षेप आहे. नोंदणीचा वाद आणि बनावट माल यांना एकाच मापाने मोजल्याने खऱ्या बनावटगिरीचे गांभीर्य कमी होते. बनावट पेटीत कोणत्या शेतातले आणि कसे मुरवलेले पान भरले आहे, हे कोणालाच माहीत नसते आणि तक्रार करायला निर्माताच सापडत नाही. काचेसारख्या पारदर्शक झाकणाची कोहिबाची पेटी ही त्याची ठळक खूण; अशी पेटी क्युबा बनवत नाही, तरीही पर्यटक ती हौसेने घेतात. खऱ्या पेटीवर १९१२ च्या कायद्याचा उल्लेख असलेला हिरवा सरकारी शिक्का असतो, कोपऱ्यावर क्युबाचे सिगार जगभर विकणाऱ्या 'हाबानोस' कंपनीची तिरपी पट्टी असते, तळाशी 'एचो एन कुबा' (क्युबात बनवलेले) अशी डागलेली मुद्रा आणि कारखान्याचा सांकेतिक क्रमांक असतो. नकली माल बनवणारे हे सर्व छापू लागले, तेव्हा शिक्क्यावर होलोग्राम आणि बारकोड आला. २०२२ मध्ये हाबानोस कंपनीने कोहिबाचे दर जगभर एका पातळीवर आणताना अनेक देशांत प्रचंड वाढवले. त्यानंतर नकलेतला नफा किती वाढला असेल, याचा विचार व्हावा.

वाटसरू

अत्तरदाणी यांच्याशी पूर्ण सहमत. न्यायालयात ज्याला उभे करता येते तो प्रतिवादी असतो; ज्याचा पत्ताच नाही तो भामटा.

पिंपळपान

पत्ता देऊन घेतलेली वस्तूही परत करावी लागते. व्यापारबंदी उठेल त्या दिवशी दोन्ही कोहिबा एकाच फळीवर येतील, आणि त्या वेळी ठिपका पुरेसा ठरणार नाही. नाव क्युबाकडे जावे, जनरल सिगारने आपल्या सिगारला स्वतःचे नाव द्यावे आणि पार्तागासच्या वारसांना क्युबाने भरपाई द्यावी, अशी माझी मागणी आहे. यातली एक गोष्ट मान्य करून दुसरी नाकारणाऱ्यांनी त्याचे कारण येथे लिहावे.